गरसेकरांची डुकरं: मार्कच्या पाचव्या अध्यायाबद्दल काही प्रश्न

निरंजना

येशूच्या चमत्कारांवर बोलणं निघालं की पाण्याचा द्राक्षारस, पाच भाकरी आणि दोन मासे, थडग्यातून बाहेर आलेला लाजर, हेच पुढे येतं. मला ज्या गोष्टीबद्दल विचारायचं आहे ती बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात पहिल्या वीस वचनांत आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते.

येशू शिष्यांबरोबर होडीने गालील समुद्राच्या पूर्व किनाऱ्याला उतरतो. हा यहुद्यांचा मुलूख नव्हे, ग्रीक वळणाच्या नगरांचा टापू, दकापलीस. थडग्यांमध्ये राहणारा एक माणूस धावत समोर येतो. लोकांनी त्याला बेड्या घातल्या, साखळ्या घातल्या, त्याने त्या तोडल्या. तो रात्रंदिवस ओरडतो, दगडांनी स्वतःला ठेचून घेतो. येशू त्याच्यातल्या अशुद्ध आत्म्याला नाव विचारतो. उत्तर येतं: लीजन, कारण आम्ही पुष्कळ आहोत. आम्हाला या मुलुखाबाहेर काढू नकोस, त्या डुकरांत जाऊ दे, अशी गयावया आत्मे करतात. येशू परवानगी देतो. सुमारे २००० डुकरांचा कळप कड्यावरून खाली धावत सुटतो आणि समुद्रात बुडून मरतो. डुकरं राखणारे पळत जाऊन गावात, शेतमळ्यांत सांगतात. लोक येतात. तो माणूस कपडे घालून, भानावर येऊन बसलेला त्यांना दिसतो. ते घाबरतात आणि येशूला विनवतात की आमच्या हद्दीतून निघून जा. येशू जातो.

मी श्रद्धाळू नाही, पण टिंगल करायला हा धागा काढलेला नाही. ही गोष्ट मला बरीच वर्षं सोडत नाही.

पहिली अडचण जागेची. मराठी बायबलात मार्क 'गरसेकरांचा' प्रदेश म्हणतो आणि मत्तय 'गदरेकरांचा'. गरसा म्हणजे आजचं जॉर्डनमधलं जेराश. ते गालील समुद्रापासून पन्नास किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या कड्यावरून धावलेलं डुक्कर पाण्यात पडणार कसं? गदरा म्हणजे उम्म कैस, ते जवळ आहे, तरी दहाएक किलोमीटर आहेच, आणि मध्ये यार्मुक नदीचं खोल खोरं.

दुसरी अडचण मला जास्त छळते. ती २००० जनावरं कुणाची होती? एक माणूस बरा झाला हे चांगलंच झालं. पण त्यासाठी कळप मरायची गरज काय होती? बाकी ठिकाणी येशू 'निघ' म्हणतो आणि आत्मा निघतो. इथेच ही तडजोड का? ज्यांची रोजी त्या कळपावर होती त्यांचं पुढे काय झालं, हे मार्क, मत्तय, लूक तिघांपैकी कुणीही सांगत नाही. योहानाकडे तर ही गोष्टच नाही.

श्रद्धावंतांनी आणि अश्रद्धांनी, दोघांनीही लिहावं.

---

पारगाव

जागेच्या प्रश्नावर लिहितो, कारण तो प्रश्न आजच्या नास्तिकांनी काढलेला नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाचा मोठा ख्रिस्ती विद्वान होऊन गेला, त्याने योहानाच्या शुभवर्तमानावरच्या भाष्यात हाच मुद्दा घेतला आहे. तो म्हणतो, गरसा हे अरबस्तानातलं शहर, त्याच्या जवळ ना समुद्र ना तळं. गदरा गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध, पण कडा असलेलं तळं तिथेही नाही. मग तो तिसरं नाव सुचवतो: गर्गेसा, तिबिर्याच्या तळ्याकाठचं जुनं गाव.

हस्तलिखितांतही हा गोंधळ उतरला आहे. मार्कच्या सगळ्यांत जुन्या प्रतींत, म्हणजे चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाई प्रतींत, गरसा आहे. नंतरच्या प्रतींत कुठे गदरा, कुठे गर्गेसा. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलात तर मार्क आणि लूक गदरा सांगतात आणि मत्तय गर्गेसा. नकलाकारांना भूगोल खटकत होता, म्हणून ते नाव 'दुरुस्त' करत गेले, असाच याचा सरळ अर्थ लागतो. जे नाव सगळ्यांत अडचणीचं, तेच मूळ असण्याची शक्यता जास्त. अडचणीचं नाव कोणी मुद्दाम घालत नाही.

---

उंबरझरा

कुर्सी नावाची जागा पाहून आलो आहे, ही गोष्ट तिथे घडली असं मानतात. समुद्राच्या पूर्व काठावर, गोलानच्या पायथ्याशी. १९७० साली रस्त्याचं काम चालू असताना तिथे एका बायझंटाइन मठाचे अवशेष सापडले. पुढे उत्खनन झालं, मोठी तटबंदी आणि आत चर्च निघालं, पाचव्या-सहाव्या शतकातलं. फरशीवर मोझेक आहे. त्यातली प्राण्यांची चित्रं नंतर कुणीतरी फोडली आहेत, नक्षी शाबूत आहे. टेकडीवर एक छोटं प्रार्थनास्थळ आहे. थोडं दक्षिणेला डोंगराचा उतार पाण्याच्या बराच जवळ येतो. गाईडने आम्हाला तोच उतार दाखवला.

तिथे उभं राहिल्यावर गोष्ट डोळ्यांपुढे येते, हे खरं.

---

पारगाव

@उंबरझरा, डोळ्यांपुढे येते हे मान्य. पण तो मठ घटनेनंतर चारेकशे वर्षांनी बांधलेला आहे. त्यावरून एवढंच कळतं की पाचव्या शतकातले यात्रेकरू ती जागा मानत होते. ऑरिजेनने नाव सुचवलं, मग यात्रा सुरू झाली, मग मठ उभा राहिला, असा क्रमही असू शकतो. परंपरा जुनी आहे. ती घटनेइतकी जुनी आहे का, हे दगड सांगत नाहीत.

---

कुपारी_वसई

मी कॅथलिक, वसईचा. आधी एक माहिती, जी बाहेरच्यांना सहसा नसते. आमच्या चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने ठरलेली असतात. मार्कच्या वर्षात एका रविवारी समुद्रातलं वादळ शांत केल्याचं वाचन येतं, म्हणजे चौथ्या अध्यायाचा शेवट. पुढच्या रविवारी थेट याइराच्या मेलेल्या मुलीला उठवल्याचं, म्हणजे पाचव्या अध्यायाचं एकविसावं वचन. मधली वीस वचनं, हीच गोष्ट, रविवारी येत नाही. ती साध्या सोमवारी येते, सामान्य काळाच्या चौथ्या आठवड्यात. म्हणजे रोज मिस्साला जाणारी आजी ती ऐकते, आणि फक्त रविवारी येणारा तिचा नातू ऐकत नाही.

निरंजनाताई, तुमचा दुसरा प्रश्न आम्हालाही पडतो. पडत नाही असं जो म्हणतो त्याने ती गोष्ट लक्ष देऊन वाचलेली नाही. मी एवढंच म्हणेन की १९६५ सालच्या 'देई व्हर्बम' या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितलं आहे की शास्त्र वाचताना लेखनप्रकार ओळखा, लेखकाला त्याच्या काळात काय म्हणायचं होतं ते शोधा. तेव्हा 'असं घडलं का' एवढा एकच प्रश्न विचारून थांबणं हे कॅथलिक वाचनही नाही.

---

सत्यव्रत_नगर

मी प्रॉटेस्टंट घरातला. माझं वाचन साधं आहे. डुकरं येशूने मारली नाहीत. दुष्टात्म्यांनी मारली. त्याने फक्त जाऊ दिलं. आणि ती बुडाली यातून एक गोष्ट सगळ्यांना दिसली: त्या माणसाच्या आत जे होतं ते किती विध्वंसक होतं. २००० जनावरांना जे क्षणात संपवतं, ते एका माणसाने वर्षानुवर्षं अंगावर वागवलं. एका माणसाचा जीव देवाला त्या सगळ्या मालमत्तेपेक्षा मोलाचा आहे. आपल्याकडे माणसाच्या जिवाची किंमत मालमत्तेपुढे किती थोडी धरली जाते हे रोज दिसतं, म्हणून मला ही गोष्ट उलट दिलासा देते.

---

निरंजना

@सत्यव्रत_नगर, माणसाच्या मोलाबद्दलचं तुमचं म्हणणं मनापासून पटतं. 'फक्त जाऊ दिलं' हे मात्र पटत नाही. येशू ज्या नियमशास्त्रात वाढला त्यातच निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात नियम आहे: एखाद्याने खड्डा खणला, तो झाकला नाही आणि त्यात कुणाचा बैल किंवा गाढव पडून मेलं, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यायची. खड्ड्याने बैलाला ढकललेलं नसतं, तरी जबाबदारी येते. मग काय होणार हे ज्याला ठाऊक आहे त्याने परवानगी दिली, तर तो मोकळा कसा?

आणि 'एक माणूस की मालमत्ता' अशी निवड करायची वेळ गोष्टीत येतच नाही. डुकरांना हात न लावताही तो माणूस बरा करता आला असता. बाकीच्या भूतबाधेच्या गोष्टींत तसंच होतं.

---

मृगनक्षत्र

ताईंचा हा मुद्दाही फार जुना आहे. मॅकारियस मॅग्नेस नावाच्या ख्रिस्ती लेखकाच्या 'अपोक्रिटिकस' या ग्रंथात एका बिगर-ख्रिस्ती तत्त्वज्ञाचे आक्षेप येतात. ते पॉर्फिरी या तिसऱ्या शतकातल्या तत्त्वज्ञाचे असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. त्यात या गोष्टीवर एक अख्खं प्रकरण आहे. तो विचारतो: एका माणसाला सोडवायचं आणि ती पीडा मुक्या जनावरांच्या गळ्यात घालायची, राखणाऱ्यांना पळवून लावायचं, गावात घबराट करायची, ही कसली भलाई? यहुद्यांच्या देशात, जिथे डुक्कर अपवित्र, तिथे एवढी डुकरं आली कुठून? आणि ते तर तळं, खोल समुद्र नव्हे, त्यात एवढी जनावरं बुडाली कशी?

शेवटच्या दोन प्रश्नांत तो चुकतो. दकापलीस यहुदी नव्हती, तिथे डुकरं असणं अगदी स्वाभाविक होतं. आणि गालील समुद्र गोड्या पाण्याचं तळं असलं तरी सुमारे २१ किलोमीटर लांब, १३ किलोमीटरपर्यंत रुंद आणि चाळीस मीटरहून खोल आहे. पण पहिला प्रश्न तसाच उभा आहे, आणि ताईंनी तोच परत विचारला आहे.

उत्तरंही दिली गेली, पण ती नेहमी सुखाची नाहीत. संत ऑगस्टीनने मानी पंथीयांशी वाद घालताना हीच गोष्ट वापरली. ते लोक प्राणी मारणं आणि झाडं तोडणं पाप मानत. ऑगस्टीन म्हणाला, ख्रिस्ताने डुकरांत भुतं जाऊ दिली, अंजिराचं झाड वाळवलं, म्हणजे तसं न मारणं ही अंधश्रद्धाच आहे. ज्या गोष्टीने आपण अस्वस्थ होतो तिच्यावरून त्याने प्राण्यांचा आणि आपला काही नात्याचा हक्कच नाही असा निष्कर्ष काढला.

---

गोठा_आणि_शेत

मी पशुवैद्यक आहे, वराहपालन करणाऱ्यांबरोबर काम असतं. दोन गोष्टी सांगते.

डुकराला पोहता येतं, आणि चांगलं पोहता येतं. सपाट किनाऱ्यावरून पाण्यात गेलेला कळप आपोआप बुडणार नाही. उंचावरून एकमेकांच्या अंगावर कोसळला, चेंगराचेंगरी झाली, तर मात्र बरीच मरतील. सगळीच्या सगळी मरतील असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. २००० हा आकडा फक्त मार्ककडे आहे. मत्तय 'पुष्कळ डुकरांचा कळप' म्हणतो, लूकही आकडा देत नाही. मोकळ्यावर चरणारा २००० डुकरांचा एक कळप सांभाळायचा तर राखणारे दोन-चार पुरत नाहीत. हा एकाच मालकाचा कळप असेल असं मला वाटत नाही. अनेक घरांची जनावरं एकत्र चरायला नेली असतील. तसं असेल तर नुकसान एका सावकाराचं नाही, अख्ख्या पंचक्रोशीचं. गावकऱ्यांनी 'जा' म्हटलं यात मला काहीच नवल वाटत नाही.

---

विवेकवाट

गोष्टीतल्या एका कलमाकडे कुणी लक्ष दिलेलं नाही: साखळ्या.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. आजही मानसिक आजार असलेल्या माणसाला 'बाहेरचं आहे' म्हणून दर्ग्यात, देवळात, कधी प्रार्थनासभेत नेतात आणि बांधून ठेवतात. २००१ साली ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही, २८ जण गेले. महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधून मारहाण करण्याविरुद्ध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधायलाच बंदी केली.

म्हणून माझा संशय डुकरांपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. ही गोष्ट खरी मानली की 'भूत असतं, ते नाव सांगतं, हुकूम दिला की निघतं' हे सगळं शास्त्राधारित होऊन बसतं. मग आजचा मांत्रिक किंवा आजचा पास्टर हेच वचन दाखवतो. मी स्वतः अशा एका सभेत उभा राहिलो आहे जिथे फेफरं येणाऱ्या मुलीच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. आईवडील हाच अध्याय उघडून बसले होते.

---

मनोविकार_डॉक्टर

@विवेकवाट यांना पूर्ण दुजोरा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी कुठेतरी 'उतरवून' आलेले असतात, आणि मधल्या काळात आजार बळावलेला असतो.

मात्र त्या माणसाचं निदान कुणी करू नये असं मला वाटतं. इथे लवकरच कोणीतरी स्किझोफ्रेनिया म्हणेल, कोणी बहुव्यक्तिमत्त्व म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'पझेशन ट्रान्स डिसऑर्डर' (अंगात आल्यासारखी अवस्था) असं निदान आहे, पण त्यासाठी रुग्ण समोर लागतो, इतिहास लागतो, तो कोणत्या समाजात वाढला ते लागतं. आपल्याकडे आहे तो एका श्रद्धावंताने नंतर लिहिलेला मजकूर. त्यातल्या लक्षणांवरून औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

मला या गोष्टीत जे दिसतं ते असं. स्वतःला दगडांनी ठेचून घेणाऱ्या माणसाला गावाने थडग्यांत राहू दिलं. त्याच्याशी कुणी बोललेलं दिसत नाही. येशू पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा. चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढं राहतं, आणि माझ्या व्यवसायात ते कमी नाही.

---

कुपारी_वसई

@विवेकवाट, त्या मुलीच्या गोळ्या बंद करणाऱ्यांबद्दल तुमच्याइतकाच राग मला आहे. पण याच गोष्टीच्या शेवटाकडे बघा. बरा झालेला माणूस म्हणतो, मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशू नाही म्हणतो. घरी जा, आपल्या माणसांत जा, असं सांगतो. आजचे बुवा-बाबा बरा झालेला रुग्ण सोडतात का? त्याला मंचावर आणतात, साक्ष द्यायला लावतात, वर्गणी गोळा करतात. इथे रुग्णाला घरी पाठवलं आहे, पैसा नाही, दुसरी भेट नाही.

---

विवेकवाट

'घरी जा' याच्या पुढचं वाक्यही आहे: प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. आणि तो दकापलीसभर सांगत सुटतो. ती साक्षच झाली. पण घरी पाठवलं, हा फरक मोठा आहे, हे मी मान्य करतो.

---

मृगनक्षत्र

आता गोष्टीतल्या रोमी सैन्याकडे येतो. लीजन ही रोमची लष्करी तुकडी, पाचेक हजार सैनिकांची. सैन्याच्या नावाची भुतं, 'आम्हाला या मुलुखाबाहेर काढू नको' अशी विनवणी, आणि शेवटी सगळी समुद्रात बुडणं. हे ऐकताना फारोचं सैन्य तांबड्या समुद्रात बुडालेलं कोणत्या यहुदी श्रोत्याला आठवणार नाही? त्यात यरुशलेमच्या वेढ्यात लढलेली आणि इ.स. ७० नंतर तिथेच तळ ठोकून राहिलेली दहावी लीजन, फ्रेटेन्सिस. तिच्या चिन्हांत रानडुक्कर होतं. यरुशलेमात सापडलेल्या तिच्या विटा-कौलांवरच्या शिक्क्यांवर ते दिसतं. मार्कचं लेखन बहुतेक अभ्यासक इ.स. ७० च्या आगेमागेच धरतात.

आणि गरसा? जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराने 'यहुदी युद्ध'च्या चौथ्या भागात लिहिलं आहे की व्हेस्पासियनने, म्हणजे पुढे सम्राट झालेल्या रोमी सेनापतीने, लुसियस अॅनियस या सरदाराला गरशावर पाठवलं, त्याने हजार तरुण मारले, बायकामुलं कैद केली, लूट केली, घरं जाळली. हे वाचल्यावर मला वाटू लागलं की मार्कने गरसा लिहिलं ते भूगोल न कळल्यामुळे नसेल. त्याच्या श्रोत्यांसाठी त्या नावाला दुसरा अर्थ असेल. थडग्यांमध्ये राहणारा, स्वतःलाच जखमा करणारा, साखळ्या घातलेला माणूस म्हणजे जिंकलेला मुलूख.

---

पारगाव

सुंदर वाचन आहे, पण सावध राहायला हवं. जोसेफस म्हणतो तो गरसा जेराशच, की त्याच नावाचं दुसरं गाव, यावर वाद आहे. जेराश तर युद्धात रोमच्या विरुद्ध नव्हतं. दुसरं, मार्क गोष्टीत रोमबद्दल एक शब्द बोलत नाही. आत्मे फार आहेत म्हणून ते नाव, असं तो स्वतःच स्पष्टीकरण देतो. रूपक आहे असं ठरवलं की प्रत्येक तपशील त्यात बसवता येतो, आणि न बसणारा तपशील आपण गुपचूप सोडून देतो. डुकरांचे मालक, राखणारे, घाबरलेले गावकरी हे या रूपकात कोण? मुलूख मुक्त झाला तर तिथले लोक मुक्तिदात्याला जा का म्हणतात?

---

मृगनक्षत्र

मालक-राखणारे नीट बसत नाहीत, खरं आहे. गावकऱ्यांचं मात्र समजू शकतं. सैन्याचा राग ओढवून घ्यायला कुणीही घाबरेल.

आणखी एक शक्यता, रूपकापेक्षा साधी. त्या काळात भूत खरंच निघालं याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा लागे. जोसेफस 'यहुद्यांच्या पुरातन कथा'च्या आठव्या भागात एलाझार नावाच्या माणसाचं वर्णन करतो. व्हेस्पासियनसमोर त्याने मुळी असलेली अंगठी रोग्याच्या नाकाशी धरली, भूत नाकातून ओढून काढलं, आणि ते निघालं हे पटावं म्हणून जवळ पाण्याचं भांडं ठेवून भुताला ते पाडायला लावलं. फिलोस्ट्रॅटस या ग्रीक लेखकाने लिहिलेल्या अपोलोनियस या पहिल्या शतकातल्या तत्त्वज्ञाच्या चरित्रातही भूत जाताना पुतळा पाडून जातं. आपल्या गोष्टीतली डुकरं हे काम करत असतील. प्रेक्षकांना दिसलं पाहिजे, म्हणून काहीतरी पडलं, फुटलं, बुडलं पाहिजे. गोष्ट सांगणाऱ्याच्या मनात जनावरांची किंमत आलीच नसेल.

---

निरंजना

हे शेवटचं मला सगळ्यांत पटण्यासारखं वाटतं आणि त्याच वेळी सगळ्यांत त्रासदायकही. पाण्याचं भांडं आणि २००० जिवंत जनावरं यांत फरक आहे, आणि तो सांगणाऱ्याला जाणवला नाही.

---

काजवा

नवीन आहे इथे. मत्तयाकडे माणसं दोन आहेत म्हणतात ते खरं का? मग खरी गोष्ट कोणती?

---

पारगाव

हो, आठव्या अध्यायात दोन आहेत. मत्तयाने गोष्ट बरीच आखूड केली आहे: लीजन हे नाव नाही, साखळ्या नाहीत, बरं झाल्यावर 'घरी जा' हे नाही. माणसं मात्र एकाची दोन. त्याने आंधळ्यांच्या गोष्टीतही तसं केलं आहे: मार्ककडे यरीहोला एकटा बार्तीमय, मत्तयाकडे दोन आंधळे. 'दोघांपैकी एकच ठळक होता म्हणून मार्कने एकाबद्दलच लिहिलं' असा जुना खुलासा आहे. तो अशक्य नाही, पण दोन्ही ठिकाणी तोच खुलासा वापरावा लागतो तेव्हा मत्तयाची ही सवयच होती असं मानणं सोपं जातं.

---

सत्यव्रत_नगर

एवढं सगळं वाचून विचारावंसं वाटतं, की असे प्रश्न विचारून कुणाची श्रद्धा वाढली का?

---

मृगनक्षत्र

वाढली की नाही ते सांगता येणार नाही, पण प्रश्न दाबल्याने ते मेले नाहीत हे नक्की. इंग्लंडात टॉमस वूल्स्टनने १७२७ पासून चमत्कारांवर प्रबंध लिहिले, त्यात ही डुकरंही होती. १७२९ साली ईश्वरनिंदेबद्दल त्याला दंड आणि कैद झाली, आणि १७३३ साली तो मेला तोवर त्यातून पुरता सुटला नव्हता. मग १८८९ ते १८९१ मध्ये जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले आणि पंतप्रधान राहिलेले ग्लॅडस्टन याच डुकरांवरून एका प्रतिष्ठित मासिकात जाहीरपणे भांडले. ग्लॅडस्टनचं म्हणणं, डुकरं पाळणारे मोशेच्या नियमाखाली येत होते, बेकायदा धंदा करत होते, त्यांचं नुकसान योग्यच. हक्सलेने जोसेफस काढून दाखवला: गदरा हे ग्रीक शहर, तिथे डुकरं पाळणं कायदेशीर. दीडशे वर्षांपूर्वी ज्यासाठी तुरुंग होता त्यावर आता माजी पंतप्रधान लेख लिहीत होता, आणि वादाचा विषय निरंजनाताईंचाच होता: मालकाचा हक्क.

---

सत्यव्रत_नगर

ग्लॅडस्टनचं उत्तर मलाही पटत नाही. ज्यांचं गेलं तेच दोषी ठरवून मोकळं व्हायचं, हे ख्रिस्ती उत्तर नव्हे. माझा प्रश्न मागे घेत नाही, पण ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही हेही लिहून ठेवतो. प्रार्थनेत तो बरोबर घेऊन जाईन.

---

कुपारी_वसई

मृगनक्षत्र, तो अपोक्रिटिकस. आक्षेप घेणाऱ्याचं सांगितलंत, मॅकारियसने उत्तर काय दिलं ते सांगा की.

---

मृगनक्षत्र

सांगायचं राहिलं. आधी एक लक्षात घ्या, तो आक्षेपक आज आपल्याला वाचता येतो तो मॅकारियसमुळे. उत्तर द्यायचं म्हणून का होईना, त्याने समोरच्याचे प्रश्न सविस्तर उतरवून घेतले. पॉर्फिरीचा ख्रिस्ती धर्माविरुद्धचा मूळ ग्रंथ तर जाळला गेला.

डुकरांच्या मालकीवर मॅकारियसचं उत्तर असं: ती यहुद्यांची नव्हती, पूर्वेकडच्या नगरांत असलेल्या रोमी सैनिकांची होती.

---

गोठा_आणि_शेत

म्हणजे सैन्याच्या रसदीचा कळप. २००० च्या आकड्याला हे जास्त जुळतं. माझा पंचक्रोशीचा अंदाज त्यापुढे ठेवून बघायला हवा.

---

निरंजना

मालक सैनिक होते असं धरलं तरी राखणारे सैनिक नव्हते. सैनिक असते तर पळत गावात आणि मळ्यांत सांगायला गेले नसते, छावणीत गेले असते. ती तिथली गडीमाणसं. रोमी मिसरातले कळप खंडाने दिल्याचे करार पपायरसांवर सापडले आहेत, त्यांत काही ठिकाणी मेलेल्या जनावराच्या जागी दुसरं भरून द्यायची जबाबदारी घेणाऱ्यावर असे. गदराच्या किनाऱ्यावर तसाच करार होता असं माझं म्हणणं नाही. पण २००० डुकरं बुडाल्याचं ज्याला सैन्याच्या अधिकाऱ्याला जाऊन सांगावं लागलं असेल, त्याच्यावर काय गुदरलं असेल?

@मृगनक्षत्र, @कुपारी_वसई, जुन्या भाष्यकारांपैकी कुणी या राखणाऱ्यांची बाजू घेऊन लिहिलं आहे का? ग्रीक, सुरियानी, कुठल्याही परंपरेतलं चालेल. माहीत असेल तर इथेच लिहा.